टास्कबार डावीकडे गेला, सगळी चिन्हं विस्कटली. बाबांचा संगणक होता तसा कसा करू?

मोगरा

नमस्कार मंडळी. आई-बाबा गिरगावात राहतात, त्यांच्याकडे डेस्कटॉप आहे, विंडोज १० वाला. बाबा इमारतीच्या सोसायटीचे खजिनदार आहेत. मेंटेनन्सची बिलं, थकबाकी, पावत्या, सगळं त्याच संगणकावर एक्सेलमध्ये असतं. गणपतीत घर भरलेलं होतं आणि नातवंडं दिवसभर संगणकाला चिकटलेली. पाहुणे गेल्यावर बाबांनी संगणक लावला तर खालची पट्टी पडद्याच्या डाव्या कडेला उभी! चिन्हांचा क्रम बदललेला, तारीख दिसत नाही आणि मराठी-इंग्रजी बदलायचं चिन्ह गायब.

बाबांची पट्टी साधी नव्हती. ती दोन ओळींची जाड होती, म्हणून कोपऱ्यात वेळ, वार आणि तारीख तिन्ही दिसायचं. बँकेत चेक टाकायचा वार ते तिथेच बघतात. डावीकडून क्रम ठरलेला: फोल्डर, एक्सेल, ब्राउझर, स्कॅनर, कॅल्क्युलेटर. घड्याळाच्या अलीकडे 'सोसायटी' असं लिहिलेलं असायचं. त्यावर टिचकी मारली की बिलांच्या सगळ्या फाइलींची यादी उघडायची.

फाइली सगळ्या जागेवर आहेत, संगणक नीट चालतो. पण बाबा अडून बसलेत. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, त्याआधी पूर्ण १४ दिवसांची नोटीस, आणि नोटिशीसोबत हिशेबाची पत्रकं. नेमक्या याच दिवसांत त्यांना एक्सेल शोधत बसावं लागतंय. घराजवळच्या एका दुकानात विचारलं तर "फॉरमॅट मारावा लागेल, मशीन आणून द्या" असं उत्तर मिळालं. त्यावर माझा विश्वास बसत नाही.

मी गोरेगावला राहते, रोज जाणं जमत नाही. फोनवरून सांगून करता येईल असा उपाय हवा. आणि पट्टी नुसती खाली येऊन उपयोग नाही, ती होती तशी हवी. बाबांनी मागे प्रिंटरची चूक दाखवायला पडद्याचा फोटो पाठवला होता. त्यात जुनी मांडणी स्पष्ट दिसते, तेवढा आधार आहे.

खटपट्या

फॉरमॅटची काहीही गरज नाही. मशीन कुठेही नेऊ नका.

विंडोज १० मध्ये टास्कबारला कुलूप लावलेलं नसेल, तर त्याच्या रिकाम्या जागी माउस दाबून ओढला की तो पडद्याच्या चारांपैकी कुठल्याही कडेला जाऊन बसतो. मुलांच्या हातून हे सहज होतं. आणायचाही तसाच: रिकाम्या जागी उजवं बटण दाबा, 'लॉक द टास्कबार'समोर बरोबरची खूण असेल तर काढा, मग रिकामी जागा धरून खाली ओढा. जागेवर आला की पुन्हा लॉक.

तुमचा फोटो जपून ठेवा. बाकीचं सगळं त्यावरूनच बसवायचं आहे.

शेवटची_लोकल

एक शंका. पडदाच तर फिरलेला नाही ना? काही जुन्या ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि बाणाची कळ एकदम दाबली की अख्खं चित्र आडवं होतं. आमच्या ऑफिसात एकदा झालं होतं आणि सगळे मान वाकडी करून बसले होते.

मोगरा

नाही, अक्षरं सरळ आहेत, नुसती पट्टीच उभी आहे.

खटपट्या, तुमचा उपाय काल रात्री फोनवर करून पाहिला आणि पहिल्याच पायरीला अडलो. बाबा उजवं बटण दाबतात पण 'लॉक द टास्कबार' येतच नाही. येते ती अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादी. आम्ही दोघं बराच वेळ "रिकाम्या जागी दाबा", "रिकामीच आहे गं" करत होतो. शेवटी आई म्हणाली आता जेवून घ्या.

खटपट्या

यादी येते म्हणजे बटण चिन्हावर दाबलं जातंय. उभ्या पट्टीत चिन्हं आणि उघड्या खिडक्या एकाखाली एक गच्च बसतात, मोकळी जागा फार थोडी उरते. त्यांना सांगा की थेट घड्याळावरच उजवं बटण दाबायचं. तिथे जो मेनू येतो त्यात 'लॉक द टास्कबार'ही असतं आणि 'टास्कबार सेटिंग्ज'ही. घड्याळ सगळ्यांना सापडतं.

पाटीवरची_पेन्सिल

मी शाळेत संगणक शिकवते आणि निवृत्त झालेल्या शेजाऱ्यांना फोनवरून बरीच मदत करते. त्यातून ठाम झालेलं मत: फोनवर माउसच्या सूचना देऊ नयेत, कीबोर्डच्या द्याव्यात. "थोडं डावीकडे, अजून वर, तिथे नाही" यात दोन्हीकडची माणसं वैतागतात. कळ एक तर दाबली जाते किंवा नाही, मध्ये काही नसतं.

बाबांना असं सांगा. कीबोर्डवरची विंडोजची कळ एकदा दाबून सोडा. कुठेही टिचकी न मारता इंग्रजीत 'टास्कबार सेटिंग्ज' टाइप करा. वर नाव आलं की एंटर. जे पान उघडेल ते खाली सरकवत न्या, 'टास्कबार लोकेशन ऑन स्क्रीन' असं लिहिलेलं दिसेल. समोर 'लेफ्ट' असेल, ते 'बॉटम' करा. ओढाओढ करावीच लागत नाही. कुलूप लागलेलं असलं तरी इथून बदलतं.

तुम्ही स्वतः समोर तसंच पान उघडून बसलात तर फार सोपं जाईल. त्यांना काय दिसतंय हे मग विचारावं लागत नाही.

निळा_पडदा

एवढं कशाला करायचं? रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, एक्सप्लोररच्या (टास्कबार चालवणाऱ्या भागाच्या) खाली 'स्टकरेक्ट्स३' नावाची नोंद असते, टास्कबारची जागा तिथेच साठवलेली असते. ती उडवा, एक्सप्लोरर पुन्हा सुरू करा, टास्कबार कोरा करकरीत होऊन खाली येतो. एका मिनिटाचं काम.

खटपट्या

निळा_पडदा, माहिती बरोबर आहे. टास्कबार हट्टाने हललाच नाही तर मीही तेच करतो. पण इथे टास्कबार बिघडलेला नाही, नुसता सरकलाय. पंच्याहत्तरीच्या घरातल्या माणसाला फोनवरून रजिस्ट्रीत पाठवणं मला पटत नाही. तिथे 'अनडू' नसतं. शेजारची नोंद उडाली तर या ताईंना खरंच मशीन घेऊन लॅमिंग्टन रोडचा संगणक बाजार गाठावा लागेल. शिवाय ती नोंद उडवली की टास्कबार मूळ एका ओळीचा होऊन येतो. बाबांना तो नकोच आहे.

मोगरा, पेन्सिलताईंचाच मार्ग धरा.

मोगरा

पट्टी खाली आली! पेन्सिलताई, तुमचे आभार कसे मानू? तुम्ही सांगितलंत तसं मी माझ्या लॅपटॉपवर तेच पान उघडून बसले आणि बाबांनी पटापट केलं. 'बॉटम' केल्याक्षणी फोनवर "आली, आली!" ऐकू आलं.

आता पुढचं. पट्टी बारीक आहे, चिन्हं इवलीशी दिसतात आणि घड्याळात फक्त वेळ आहे. तारीखसुद्धा नाही. बाबा म्हणतात, "घड्याळ भिंतीवर आहे, मला तारीख-वार हवाय."

खटपट्या

तारीख नाही म्हणजे 'यूज स्मॉल टास्कबार बटन्स' चालू झालेलं आहे. छोटी बटणं ठेवली की पट्टीची उंची कमी होते आणि विंडोज १० त्यात फक्त वेळ बसवतं. त्याच टास्कबार सेटिंग्जच्या पानावर वरच्या बाजूला तो खटका आहे, बंद करा. तारीख लगेच येईल.

वार मात्र त्याने येणार नाही. त्यासाठी पट्टी दोन ओळींची व्हायला हवी. आधी लॉक काढायचं, मग माउस पट्टीच्या अगदी वरच्या कडेवर नेऊन ठेवायचा. तिथे बाणाला दोन टोकं येतात, एक वर आणि एक खाली. तसा बाण दिसला की डावं बटण दाबून जरासं वर ओढायचं. पट्टी एकेका ओळीने वाढते, अधेमधे थांबत नाही. दोन ओळी झाल्या की वेळेखाली वार आणि त्याखाली तारीख. मग लॉक.

आजोबा_ऑनलाइन

मी स्वतः ऐंशीच्या पुढचा आहे, दादरला राहतो आणि संगणक रोज वापरतो. मोगराताईंच्या वडिलांच्या बाजूने चार शब्द लिहावेसे वाटले.

तरुण मंडळींना वाटतं की चिन्ह इथून तिथे गेलं तर काय झालं, बघायचं आणि दाबायचं. आमचं तसं नसतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही ती बारीक चित्रं मला एकसारखीच दिसतात. मी चित्र बघत नाही, जागा बघतो. डावीकडून दुसरं म्हणजे एक्सेल. ते दुसरं राहिलं नाही की मी पुन्हा पहिल्या इयत्तेत. त्यात समोर सोसायटीचे पैसे असले की चुकीचं बटण दाबलं जाईल याची धास्ती वेगळीच. तेव्हा ताई, तुम्ही "होती तशी" हवी म्हणून आग्रह धरलात ते अगदी योग्य केलंत. क्रम लावून द्याच.

एक उपयोगी गोष्ट सांगतो. विंडोजची कळ दाबून धरली आणि वरच्या ओळीतला २ आकडा दाबला की टास्कबारवरचं दुसरं चिन्ह उघडतं. ३ दाबला की तिसरं, असं ९ पर्यंत. मी बहुतेक कामं अशीच करतो, माउसपर्यंत हात न्यावाच लागत नाही. मात्र चिन्हांचा क्रम बदलला की हे आकडेही बदलतात. क्रम जपायचं माझ्या बाबतीत हे मोठं कारण आहे.

मोगरा

आजोबा, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "हेच मी तुला सांगत होतो, फक्त मला असं मांडता येत नव्हतं." विंडोज आणि २ त्यांनी लगेच करून पाहिलं. अजून एक्सेल दुसरं नाही, त्यामुळे स्कॅनर उघडला.

तारीख आली. वारासाठी कड धरून ओढणं मात्र बाबांना जमत नाहीये. हात थोडा थरथरतो, तो दोन टोकांचा बाण दिसतो आणि बटण दाबेपर्यंत जातो. चिन्हं ओढून क्रम लावणंही तसंच अवघड जाईल असं वाटतं. मला इथून त्यांच्या पडद्यावर काही करता येईल का?

पाटीवरची_पेन्सिल

येईल. विंडोज १० आणि ११ दोन्हींसाठी मायक्रोसॉफ्टचंच 'क्विक असिस्ट' आहे. दोन्हीकडे कंट्रोल, विंडोज आणि क्यू या तीन कळा एकदम दाबल्या की ते उघडतं. जुन्या मशीनवर कदाचित आधी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून नवी आवृत्ती घ्या असं सांगेल, ती घ्यायची. तुम्ही मदत करणार म्हणून तुम्हाला मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करावं लागेल, बाबांना खातं लागत नाही. तुम्हाला एक कोड मिळेल, तो फोनवर सांगा. बाबा तो टाकतील, 'अलाउ' म्हणतील आणि त्यांचा पडदा तुमच्यासमोर येईल. माउस हातात घ्यायला वेगळी परवानगी मागावी लागते, बाबांनी तीही द्यायची.

आता ज्यासाठी मुद्दाम लिहितेय ते. घरातल्या मोठ्या माणसांना हे साधन दाखवाल त्याच दिवशी हेही सांगा की कोड कधीही अनोळखी माणसाकडून घ्यायचा नाही. बँकेतून बोलतोय, मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमच्या संगणकात व्हायरस आहे, असं सांगून अशाच साधनांनी लोकांची खाती रिकामी करतात. फोन तुम्ही केलेला असेल आणि आवाज तुमचा असेल तरच. कधी फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करायचा, तो सायबर आर्थिक फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे. मी शेजाऱ्यांच्या मॉनिटरच्या कडेला हा आकडा चिठ्ठीवर लिहून चिकटवला आहे.

ठाकुरद्वार

पेन्सिलताईंच्या मताला पूर्ण अनुमोदन. आमच्या इमारतीत एका बाईंचे पैसे असेच गेले. पडद्यावर दुसऱ्याचा माउस फिरताना त्यांना दिसत होता, पण बँकेचाच माणूस आहे असं समजून त्या गप्प राहिल्या. आपल्या माणसाशी आधी शब्द ठरवून ठेवावा, तो शब्द फोनवर ऐकल्याशिवाय काहीही उघडायचं नाही.

मोगराताई, एक आपला प्रश्न. माझ्याकडे विंडोज ११ आहे. त्यात ही दोन ओळींची पट्टी करता येते का? वाचून मलाही वार हवासा वाटायला लागला.

खटपट्या

ठाकुरद्वार, विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आलं तेव्हा टास्कबार नव्याने लिहिला गेला आणि बऱ्याच जुन्या सोयी गळाल्या. कडा ओढून जाडी वाढवणं गेलं, पट्टी वर किंवा बाजूला नेणं गेलं, फोल्डरची टूलबार गेली. प्रत्येक खिडकीचं नाव वेगळं दिसणं तेव्हा गेलं होतं, ते २०२३ मध्ये परत दिलं. चिन्हं मधोमध असतात, ती डावीकडे आणता येतात: सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार, मग 'टास्कबार बिहेवियर्स'मध्ये 'अलाइनमेंट' लेफ्ट.

वार मात्र मिळेल, वेगळ्या वाटेने. तारखेचा जो छोटा नमुना असतो तोच बदलायचा. कंट्रोल पॅनेलमध्ये 'रीजन' उघडा, 'ॲडिशनल सेटिंग्ज', मग 'डेट'. तिथे 'शॉर्ट डेट'च्या नमुन्याआधी इंग्रजी छोटा डी तीनदा लिहा आणि एक जागा सोडा. टास्कबारवर तारखेआधी वाराची तीन अक्षरं येतील. विंडोज १० मध्येही हे चालतं. पण मोगराताईंनी हे करू नये असं मी म्हणेन, कारण हा नमुना अख्ख्या संगणकाला लागू होतो. एक्सेलमध्ये तारखा दिसण्यावरही त्याचा परिणाम होऊ शकतो, आणि ऐन सभेच्या तोंडावर हिशेबाच्या पत्रकात तारखा वेगळ्या दिसायला नकोत.

मोगरा

बरं झालं सांगितलंत, नाहीतर मी तोच सोपा मार्ग घेतला असता. बाबा पत्रकातल्या तारखांबद्दल फार काटेकोर आहेत.

क्विक असिस्ट लागलं. बाबांनी कोड टाकला, मी इथून कड ओढली आणि दोन ओळी झाल्या. वार आला! फोटो शेजारी ठेवून चिन्हं एकेक करून ओढली: फोल्डर, एक्सेल, ब्राउझर, स्कॅनर. कॅल्क्युलेटर पट्टीवर नव्हताच, स्टार्टमध्ये शोधून त्यावर उजवं बटण, 'मोअर', 'पिन टू टास्कबार' असं परत आणलं. माझा माउस त्यांच्या पडद्यावर फिरताना आई मागे उभी राहून बघत होती आणि प्रत्येक चिन्ह जागेवर गेलं की "हां" म्हणत होती.

दोन गोष्टी राहिल्या. 'सोसायटी'ची यादी आणि मराठीचं चिन्ह. टूलबारच्या मेनूत 'सोसायटी' दिसतच नाही. फोल्डर जागेवर आहे, उघडून खात्री केली.

खटपट्या

फोल्डरची टूलबार अशीच असते. तिच्यापुढची खूण काढली की नावही मेनूतून जातं, नव्याने बनवावी लागते. फोल्डरला काही होत नाही. पट्टीवर रिकाम्या जागी उजवं बटण, 'टूलबार्स', 'न्यू टूलबार'. जी खिडकी येईल तीत 'सोसायटी' फोल्डर एकदाच टिचकी मारून निवडा, आत शिरू नका, आणि 'सिलेक्ट फोल्डर'. घड्याळाजवळ नाव येईल आणि शेजारी दोन छोटे बाण. बाणांवर टिचकी मारली की यादी. पट्टी अनलॉक असताना टूलबारच्या डाव्या टोकाला दोन उभ्या रेघा दिसतात, त्या धरून तिची रुंदी कमी-जास्त होते. फक्त नाव दिसेल इतकी आवळून घ्या, नाहीतर फाइलींची नावं पट्टीवर पसरतात.

मराठीच्या चिन्हाबद्दल एक विचारतो. पडद्यावर दुसरीकडे कुठे छोटी तरंगती पट्टी दिसते का? बहुतेक वरच्या उजव्या कोपऱ्यात.

मोगरा

अहो, आहे! वर उजवीकडे, खिडकी बंद करायच्या फुलीजवळ. बाबांना ती जाहिरात वाटत होती, म्हणून ते तिला हात लावत नव्हते.

खटपट्या

तीच लँग्वेज बार. विंडोजची कळ दाबून 'ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज' टाइप करा. त्या पानावर 'यूज द डेस्कटॉप लँग्वेज बार' अशी ओळ आहे, तिची खूण काढा. चिन्ह घड्याळाशेजारी परत येईल. नाही आलं तर टास्कबार सेटिंग्जमध्ये 'टर्न सिस्टिम आयकॉन्स ऑन ऑर ऑफ' उघडून 'इनपुट इंडिकेटर' चालू करा.

बाबा मराठी कुठल्या कीबोर्डने लिहितात? इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कळरचना, असेल तर उत्तमच. उच्चाराप्रमाणे लिहीत असतील तर २०१९ च्या मे महिन्यातल्या आवृत्तीपासून विंडोज १० मध्ये मराठी फोनेटिक आतच आहे, बाहेरचं काही बसवावं लागत नाही. आणि विंडोज-स्पेस दाबून भाषा बदलता येते हे त्यांना सांगून ठेवा. चिन्ह पुन्हा कधी हरवलं तरी नोटीस लिहिणं अडणार नाही.

मोगरा

इनस्क्रिप्ट. नोकरीत असताना शिकले, त्यांचा वेग बघण्यासारखा आहे.

दोन्ही झालं. चिन्ह आलं, 'सोसायटी' आलं, शेवटी लॉक केलं. फोटोशी ताडून पाहिलं, एकही फरक नाही. बाबांनी लगेच विंडोज-२ दाबून एक्सेल उघडलं आणि माझ्याशी बोलणं थांबवून थकबाकीची यादी काढायला घेतली. फोन चालूच होता, मला नुसता कळांचा आवाज येत होता. इतकं बरं वाटलं.

आता दिवाळीत नातवंडं पुन्हा येणार. त्यांना संगणकाला हात लावू नका म्हणणं मला नको आहे, बाबांनाही नको आहे. लॉक पुरेल का?

शेवटची_लोकल

लॉक पुरणार नाही. मुलं ते काढतात, आमच्याकडे काढलं होतं. विंडोजची प्रो आवृत्ती असेल तर ग्रुप पॉलिसीत, म्हणजे संगणकाचे नियम ठरवायच्या साधनात, टास्कबारच्या सगळ्या सेटिंग्ज गोठवता येतात. होम आवृत्तीत ती सोय नाही.

पाटीवरची_पेन्सिल

मुलांसाठी वेगळं खातं करा. टास्कबार ज्याच्या त्याच्या खात्यापुरता असतो. मुलं त्यांच्या खात्यात पट्टी छताला लावोत नाहीतर लाल करोत, बाबांची हलणार नाही. सेटिंग्ज, अकाउंट्स, 'फॅमिली अँड अदर यूजर्स', तिथे 'ॲड समवन एल्स'. ईमेल मागेल तेव्हा 'आय डोन्ट हॅव धिस पर्सन्स साइन-इन इन्फर्मेशन' आणि पुढच्या पानावर 'ॲड अ यूजर विदाउट अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट'. नाव मुलांनाच ठरवू द्या, त्यांना आवडतं. खातं 'स्टँडर्ड' ठेवायचं, 'ॲडमिनिस्ट्रेटर' नाही. बाबांच्या खात्याला पासवर्ड हवा, आणि उठताना विंडोज-एल दाबून पडदा लॉक करायची सवय.

खटपट्या

याला जोडून एक महत्त्वाचं: सोसायटीचा फोल्डर कुठे आहे? बाबांच्या 'डॉक्युमेंट्स'मध्ये असेल तर मुलांच्या स्टँडर्ड खात्यातून तो उघडत नाही. डी ड्राइव्हवर असेल तर सहसा सगळ्या खात्यांना उघडा असतो, पुसताही येतो. तसं असेल तर 'डॉक्युमेंट्स'मध्ये हलवा आणि टूलबार नव्या जागेवरून पुन्हा बनवा.

आणि आता मांडणी मनासारखी बसलीच आहे तर ती जपून ठेवा. हे बाबांना नको, तुम्हीच क्विक असिस्टवरून करा. रजिस्ट्री एडिटरमध्ये करंट यूजरच्या शाखेखाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, एक्सप्लोरर आणि शेवटी 'टास्कबँड'. त्यावर उजवं बटण, 'एक्सपोर्ट', फाइल पेन ड्राइव्हवर. इथे काही बदलत किंवा पुसत नाही, फक्त नक्कल काढतो. पट्टीवर लावलेल्या चिन्हांचा क्रम त्यात असतो. पुढे कधी विस्कटलं तर त्या फाइलवर डबल क्लिक आणि टास्क मॅनेजरमधून विंडोज एक्सप्लोरर रीस्टार्ट.

निळा_पडदा

मशीन विंडोज १० आहे म्हणून आठवण करतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दिली, पण त्यासाठी अपडेटच्या पानावर जाऊन वेगळी नोंदणी करावी लागते. बाबांच्या मशीनवर ती झाली आहे का ते बघा. सोसायटीच्या सभासदांची माहिती आणि बँकेचं काम एकाच संगणकावर असताना हे टाळू नये.

मोगरा

नोंदणी झालेली नव्हती. आजच केली, धन्यवाद. विंडोज ११ साठी हे मशीन बसत नाही, प्रोसेसर जुना आहे. नवीन घ्यायचं ते सभा झाल्यावर, बाबांना शेजारी बसवून, त्यांच्या वेगाने.

फोल्डर डी ड्राइव्हवरच होता! हलवला, टूलबार नव्याने केली, टास्कबँडची नक्कल पेन ड्राइव्हवर घेतली. नातवंडांचं खातंही झालं, नावावर भांडण झाल्यामुळे सध्या ते 'बाप्पा' आहे.

सभेची नोटीस काल फलकावर लागली. पत्रकं छापताना प्रिंटरने मात्र शेवटचं पान दोनदा दिलं. त्यासाठी वेगळा धागा काढते.